दिवा वाढव

माझ्या बायकोच्या मामांइतका शुभ बोलणारा माणूस अख्ख्या ठाणे जिल्ह्यात सापडणार नाही, आणि नुसतं शुभ बोलून जवळच्या माणसांना इतके धक्के देणाराही दुसरा नसेल. बांगडी फुटली म्हणायचं नाही, वाढवली म्हणायचं. नारळ फोडायचा नाही, वाढवायचा. निघताना ‘जातो’ न म्हणता ‘येतो’ म्हणायचं, हे थोडंफार आपल्या सगळ्यांच्या घरात असतं. पण मामांच्या घरी तो कायदाच होता. ‘नाही’, ‘नको’, ‘संपलं’, ‘जा’ आणि ‘बंद’ या शब्दांना कुळगावातल्या त्यांच्या तीन खोल्यांत पाऊल टाकायची परवानगी नव्हती. एकदा मी बाजारात निघालो तेव्हा मामा म्हणाले, "जावईबापू, तांदूळ उदंड झालेत बरं का." मी म्हटलं, "वा, छान झालं की." दुपारी पानात नुसत्या पोळ्या पडल्या, तेव्हा बायकोने मला स्वयंपाकघरात नेऊन सांगितलं की तांदूळ उदंड झाले म्हणजे डबा रिकामा झाला. तांदूळ आणायचे सोडून मी त्यांचं अभिनंदन करून आलो होतो.

पण खरा हादरा बसला तो गेल्या वर्षी, मामी न्हाणीघरात घसरून पडल्या तेव्हा. मी धावतपळत दवाखान्यात पोचलो तर डॉक्टर मामांना विचारत होता, "काय झालं?" मामा म्हणाले, "खुब्याचं हाड वाढलं." डॉक्टरने कागदावर काहीतरी लिहिलं आणि विचारलं, "कधीपासून वाढतंय?" "आज सकाळपासून," मामा म्हणाले. डॉक्टर चष्म्यावरून त्यांच्याकडे बघतच राहिला. स्ट्रेचरवर मामी कळवळत होत्या, आणि हा गृहस्थ बायकोचं हाड मोडलं असं म्हणायला तयार नव्हता. शेवटी ‘मोडलं’ हा शब्द मी उच्चारला. त्याबद्दल मामा पुढे दोन दिवस माझ्याशी नीट बोलले नाहीत.

ऑपरेशन झालं. मामी वॉकर धरून चार पावलं टाकू लागल्या, पण खुर्चीतून उठायला त्यांना कुणीतरी लागायचंच. एकदा मामा चामटोलीला ओळखीच्या शेतकऱ्याकडे तांदूळ आणायला गेले आणि तिथे गप्पांत रमले. इकडे आभाळ भरून आलं, घरात अंधार झाला. दिव्या-पंख्याचे रिमोट भिंतीवरच्या खुंटीला, तिथपर्यंत मामींचा हात काही पोचेना. मामा परतले तेव्हा त्या घामाने भिजून अंधारात बसल्या होत्या. हे नाशिकला दिलेल्या त्यांच्या मुलीच्या कानावर गेलं आणि तिने फोनवर ठणकावलं, "बाबा, मी शनिवारी येते. आई एकटी असताना तिला साधा दिवा-पंखा जमणार नसेल, तर मी तिला नाशिकला घेऊन जाणार." जावयाच्या घरी जाऊन राहणं मामांना या जन्मी शक्य नव्हतं. म्हणजे मामी नाशिकला आणि मामा कुळगावात, असा उतारवयातला वेगळा संसार ठरण्याची वेळ आली. मामांनी यावर चकार शब्द काढला नाही. त्यांनी मला बरोबर घेतलं आणि उल्हासनगरचा रस्ता धरला.

तिथल्या कॅम्प चार या वस्तीतल्या एका गाळ्यात सिंधी दुकानदाराने आमच्यापुढे पेढ्याएवढा पांढरा गोल डबा ठेवला. घरातले सगळे रिमोट यात जातात, वायरबियर काही लागत नाही, नुसतं बोलायचं, असं तो म्हणाला. "काका, मराठी भी बराबर समजता है. लाइट चालू, लाइट बंद. बस." ‘बंद’ ऐकून मामांनी डोळे मिटून घेतले. मग काही अडलं तर परत यायला बरं म्हणून त्यांनी विचारलं, "शेठ, दुकान केव्हा वाढवता?" दुकानदाराचा चेहरा खुलला. "साईं, आपकी दुआ से अगले साल. बाजूवाला गाळा लेने का है." तो आम्हाला चहा पाजल्याशिवाय सोडेना, आणि दुकान किती वाजता बंद होतं ते आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही.

घरी येऊन मामांनी त्या डब्याची शिकवणी मांडली. आधी तो घरच्या वायफायला जोडायचा, मग जुना एकेक रिमोट त्याच्या तोंडापुढे धरून बटणं दाबायची, म्हणजे तो ती ओळखून ठेवतो. पहिल्या खेपेला जमेना. जमलं नाही ते काढून टाकायला मोबाइलवर ‘हटवा’ असं बटण होतं, पण मामा ते कसं दाबणार? त्यामुळे एकाच पंख्याच्या नोंदी वाढत गेल्या. ‘हॉलमधला पंखा’, ‘हॉलमधला पंखा पुन्हा’ आणि ‘हॉलमधला पंखा हाच खरा’. शेवटी मामांनी हात जोडून "दिवा लाव" म्हटलं आणि दिवा लागला. मी थक्क झालो. मामींनी खुर्चीतून टाळी वाजवली. मी म्हटलं, "मामा, आता बंद करून बघा. नुसतं ‘दिवा बंद’ म्हणा." मामा माझ्यावर डोळे वटारून म्हणाले, "तिन्हीसांजेला भरल्या घरात तो शब्द? शहाणे आहात. त्याला मराठी येतं ना? मग आपल्या रीतीचं येणारच." आणि उठून त्यांनी रिमोटचं बटण दाबून दिवा मालवला.

शनिवारी संध्याकाळी मुलगी आली आणि आईशेजारी बसली. मामा कोरा सदरा घालून तयारच होते. "दिवा लाव," ते म्हणाले. लागला. "पंखा लाव." लागला. "टीव्ही लाव." तोही लागला. मुलीच्या कपाळावरच्या आठ्या जरा सैल झाल्या. मग मामा घसा खाकरून म्हणाले, "आता दिवा वाढव."

आपल्याकडे दिवा वाढवणे म्हणजे मालवणे. ही रीत त्या पांढऱ्या डब्याला कुणी सांगितली नव्हती. तो शब्दाला जागला. दिवा असा भगभगला की आमचे डोळे दिपले. मामा गोंधळले, पण डगमगले नाहीत. "पंखा वाढव," ते म्हणाले. पंखा गरगरायला लागला आणि भिंतीवरचं कॅलेंडर खिळ्यासकट खाली आलं. "टीव्ही वाढव." मालिकेतली सासू अख्ख्या आळीला ऐकू जाईल अशी किंचाळली. मामा हात जोडून विनवत होते, "वाढव रे बाबा, वाढव," आणि प्रत्येक विनवणीला सासूचा आवाज चढत होता. मामींनी कान झाकून घेतले. शेजारचे गृहस्थ भांडण सोडवायला बनियनवर धावत आले. शेवटी मी मेन स्विच खाली ओढला. अंधारात मुलगी शांतपणे म्हणाली, "बाबा, उद्या सकाळी मी आईला नेते." मेन स्विच परत वर करताना मला वाईट वाटलं, कारण तिचं काहीच चुकत नव्हतं.

सकाळी गाडी आली, बॅगा डिकीत गेल्या. मामी वॉकर धरून दारापर्यंत आल्या आणि म्हणाल्या, "येते हं." आता यावर मामांनी "ये" म्हणायचं, एवढंच उरलं होतं. आयुष्यभर पाहुण्यांना, पोस्टमनला, भंगारवाल्यालासुद्धा ते "या" म्हणत आले होते. मामा चौकट धरून उभे होते. त्यांचे ओठ हलले, पण ‘ये’ काही उमटेना. आणि मग अगदी साध्या आवाजात ते म्हणाले, "जाऊ नकोस."

मी हडबडलो. ‘जा’ आणि ‘नको’ हे दोन्ही शब्द या माणसाच्या तोंडून एका दमात येतील, हे मला कुणी शपथेवर सांगितलं असतं तरी पटलं नसतं. मुलगी गाडीचं दार उघडं टाकून वळली. मामी म्हणाल्या, "काय म्हणालात?"

"जाऊ नकोस म्हणालो."

मामींनी वॉकर वळवायला घेतला. वळायला त्यांना बराच वेळ लागला, पण कुणाचा हात घेतला नाही. खुर्चीत टेकून त्या पांढऱ्या डब्याकडे बघत त्यांनी खणखणीत आवाजात सांगितलं, "पंखा बंद." पंखा थांबला. "दिवा बंद." दिवा गेला. "दिवा चालू." आला. दर ‘बंद’ला मामांचे डोळे मिटत होते.

"आई, तुला येत होतं?" मुलीने दारातूनच विचारलं.

"जावईबापू त्या दिवशी सांगत होते की यांना. मी इथेच बसले होते. पण मी राहू की जाऊ, हे मला विचारलंय का कुणी?" मामी म्हणाल्या. "बॅगा काढ गं त्यातून. आणि जेवून निघ."

त्यानंतर एकदा मामा आणि मी भाजी घेऊन परतत होतो. मी त्यांना विचारलं, "मामा, तुम्हाला हे फोन आला तेव्हाच म्हणता आलं असतं की. म्हणाला का नाहीत?" त्यांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. मग म्हणाले, "म्हणालो असतो, आणि तरीही गेली असती, तर?" आम्ही घराजवळ आलो तशा खिडकीतून मामी ऐकू येऊ लागल्या. त्या टीव्हीला बंद म्हणत होत्या, मग पंख्याला. मी चोरून मामांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. त्यांनी या खेपेला डोळे मिटले नव्हते. "दिवसभर हेच चालतं," ते म्हणाले, "पण कोपऱ्यावरूनच ऐकू येतं हो. कळतं, की आहे घरात." आणि चप्पल काढायच्या आधी ते थोडा वेळ तसेच दाराबाहेर उभे राहिले.