हाकेशिवाय खूण नाही

सोदेइंदेचा कुणावरच विश्वास नव्हता, मेलेल्यांवरही नव्हता. अबेओकुटा शहरात थडग्यांच्या पाट्या कोरण्यात त्याचं आयुष्य गेलं. गुरूकडून आलेली रीत त्याने कधी मोडली नाही. नावाची रोमन अक्षरं दुकानात कोरायची, पण अक्षराखालचा ठिपका आणि डोक्यावरची तिरपी रेघ मात्र मृताच्या अंगणात. आधी पोटच्या पोराने नावाने हाक मारायची. उत्तर आलं नाही, तरच छिन्नी लावायची.

"नुसती अक्षरं कुणाचीही," तो म्हणे. "खुणांनी आवाज चढतो-उतरतो, मग ते नाव एका माणसाचं होतं. जिवंतपणी खुणा पडल्या, तर माणूस दगडात गेलाच समजा."

सीमेपलीकडच्या कोतोनूत राहून आलेला शेजारी सांगे, की तिथल्या फ्रेंच पाट्यांवरही हीच रेघ असते. पण ती आवाज चढवत नाही, तोंड किती उघडायचं तेवढं सांगते. सोदेइंदेला त्या रेघेचाही संशय येई. दोन घरी दोन कामं करणारीचा काय भरवसा?

लागोसचा मुयिवा आईची पाटी सांगायला आला, तेव्हाच सोदेइंदेच्या मनात पाल चुकचुकली. अंत्यविधीला सगळं गोत एकाच कापडाचे कपडे शिवतं; याने कापडाचा विषयही काढला नाही. पाटी घेऊन सोदेइंदे त्यांच्या अंगणात पोचला, तर मांडव नाही, खड्डा नाही. आत कुणीतरी खाकरलं.

"कोण आहे रे आत?"

"कुणी नाही, बाबा. तुम्ही खुणा करा."

"आधी हाक मार."

मुयिवाने दाराच्या पडद्याकडे चोरून पाहिलं. आईला नावाने हाक कोण मारतं?

पडदा सरकवून त्याची आई, म्हातारी मोरेनिकेच बाहेर आली. "पाटी मीच सांगितलीय. हा माझं नाव लागोसच्या दुकानात बिनखुणांचं, बोडकं कोरून आणेल. कारागिरा, तू माझ्या डोळ्यांदेखत खुणा कोर."

"आई, मरायची एवढी घाई?"

"तुझा भरवसा नाही, त्याची घाई. मी उत्तर देणार नाही, मग झालं ना कारागिराचं? मार हाक!"

सोदेइंदेने छिन्नी हातात घेतली. म्हातारी ओठ मिटून त्याच्याकडे रोखून बघत होती. आपल्याकडून हा खून तर करवून घेत नाहीत ना?

"मोरेनिके," मुयिवा पुटपुटला.

"शेवटी आवाज वर, गाढवा! खाली कुठे पाडतोस?"

सोदेइंदेने छिन्नी पिशवीत टाकली. "उत्तर आलं, आजी."

"मी चूक काढली. ते काय उत्तर झालं?"

"मेलेलं माणूस चुका काढत नाही."

पाटी भिंतीला टेकवून तो निघाला. फाटकापाशी पोचला तोच मागून पुन्हा हाक आली, या वेळी बरोबर, शेवटी आवाज वर. उत्तर येतं की नाही, हे ऐकायला तो थांबला नाही.