ताईंनी स्वतःसाठी बंद केलेली वाट

डॉ. कुमुदताई रामटेके यांची आणि माझी पहिली भेट अमेरिकेत, मॉरिसव्हिलमध्ये, एका घराच्या दारात, चपलाबुटांच्या ढिगापाशी झाली. आत पॉटलकची, म्हणजे प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायच्या जेवणाची, गडबड चालली होती आणि बाई बाहेर उकिडव्या बसून माझे बूट उलटे करून बघत होत्या. "ट्रेकला गेला होतास ना? ही माती धुवून टाक बाबा. हिच्यातून काय काय फिरून राहिलं, तुला पत्ता नाही." मी पुण्याचा आयटीवाला. मनात म्हटलं, हे नागपूरचं काय प्रकरण आहे. आज त्यांच्या पंच्याहत्तरीच्या ग्रंथासाठी लिहायला बसलोय, पण खरं सांगतो, मन थकलंय. ज्या कामाचा गौरव करायचा, ते काम म्हणजे काय काय नाहीसं होत गेलं हे वर्षानुवर्षं बघत राहणं.

ताई कीटकशास्त्रज्ञ आहेत. मॉरिसव्हिलहून वर्षानुवर्षं ये-जा करत हवाई बेटांवरच्या एका उंच डोंगरावर त्यांनी आयुष्यभर काम केलं. पांढरी छत्री झुडपाखाली उलटी धरायची, फांदीवर काठीने हलकेच मारायचं आणि छत्रीत काय पडतं ते बघायचं, अशी त्यांची पद्धत. पुढे सुट्टी काढून मीही छत्री धरायला जाऊ लागलो. त्या बेटांवर मुळात मुंगी नव्हतीच, ती माणसाने नेली. खालच्या उतारावर आधी कुरणं झाली, मग रस्ता, मग पार्किंग. वर्षागणिक डोंगरावरची थंडी कमी झाली तशी मुंगी तिथले किडे फस्त करत वर चढत गेली आणि छत्री रिकामी होत गेली. शेवटी माथ्याजवळच्या एका पट्ट्यात पंख नसलेला छोटा काळा भुंगेरा तेवढा उरला. त्याला उडता येत नाही, आणि त्याहून वर जायला डोंगरच नाही. ताई त्याला 'आमचा काळू' म्हणतात.

माझी नोकरी गेली, व्हिसाची मुदत डोक्यावर आली, तेव्हा मी अंथरुणातून उठेनासा झालो होतो. ताई गोळाभाताचा डबा घेऊन आल्या. धीरबीर काही दिला नाही. "माझा डेटा कोण साफ करेल? ऊठ," एवढंच म्हणाल्या आणि नवी नोकरी लागेपर्यंत रोज सकाळी फोन करून कामाला बसवत राहिल्या. ते उपकार मी विसरणार नाही.

मग तो दिवस आला. काळूच्या पट्ट्यात, आमच्या तंबूशेजारी मुंगी सापडली. ताईंनी तिथल्या तिथे स्वतःची सॅक झटकली. आत शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा होता आणि त्याखालच्या शिवणीत मुंग्या होत्या. वर चढण्याआधी सगळ्यांचे बूट ब्रशने घासून घेणाऱ्या ताईंना घरच्या डब्याची शंका कधी आली नव्हती. आम्हालाही नाही. लाडवाशिवाय मराठी माणूस डोंगर चढतो कुठे?

डोंगराची देखरेख करणाऱ्यांच्या बैठकीत ताई उभ्या राहिल्या. "मुंगी आमच्या सामानातून गेली असेल. माथ्याकडची वाट बंद करा. आधी माझ्यासाठी." मी हळूच म्हटलं, "ताई, हे सिद्ध कुठे झालंय?"

"सिद्ध होईपर्यंत काळू राहणार आहे का?"

वाट बंद झाली. आता प्रशिक्षित पथक तेवढं मुंग्या काढायला वर जातं. ताईंचं काम अर्ध्यावर थांबलं. आपलंही काम अडकलं म्हणून काही सहकारी त्यांच्याशी बोलेनासे झाले. मीही चिडलो होतो, लपवत नाही.

यंदा आम्ही ताईंना हवाईला जायचं विमानाचं तिकीट द्यायचं ठरवलं. डोंगरवाल्यांनी एका दिवसाची खास परवानगीही दिली. ताईंनी दोन्ही परत केलं. माझ्या मुलीने विचारलं, "कुमुद आजी, डोन्ट यू मिस इट?"

"येते ना आठवण. रोज येते."

"देन गो ना."

"काळूला काय माहीत, माझी पंच्याहत्तरी आहे ते," ताई म्हणाल्या आणि चहा ठेवायला उठल्या. त्यांचे डोळे भरले होते.

मुंगी पुरती गेल्याची खात्री होईल त्या दिवशी ती वाट उघडणार आहे. ते लवकर होईल असं मला वाटत नाही. इतकी वर्षं मुंग्यांचे वाढते आकडे बघून आशेचाही कंटाळा आलाय. तरी ताईंना दीर्घ आणि निरोगी आयुष्य लाभो, गुडघे धड राहोत. वाट उघडेल तेव्हा तिच्यावर पहिलं पाऊल त्यांचं पडावं. तोवर त्यांनी आम्हाला सोडून कुठे जाऊ नये.