टाकी उपसायचे किती?

संडासाची टाकी उपसायला किती द्यावेत, असं मला आजही कुणी विचारलं की माझा गोंधळ उडतो. आता नवं घर बांधणारा जो तो विचारतो आणि मी आपली गप्प बसते. खरं तर मी स्वतः उन्हात उभी राहून, घसा फोडून भाव ठरवलेली बाई. पण तो भाव कुणी कुणाला सांगितला, ते काही माझं मलाच कळलेलं नव्हतं.

निजामाचं राज्य होतं तेव्हा. आमच्या ह्यांची उदगीरच्या शाळेतून खटकचिंचोळीच्या शाळेत बदली झाली. हे, मी आणि सासूबाई, एवढीच माणसं. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायची. निघायच्या महिनाभर आधी त्या पायरीवरून घसरल्या आणि त्यांचा खुबा मोडला. हाडवैद्यानं बांधून दिलं, पण चार पावलं टाकायची तर माझ्या खांद्यावर भार देऊन. गावात सगळे तांब्या घेऊन रानात जायचे. आत्याबाईंना ते कसं जमावं? म्हणून जास्तीचं भाडं कबूल करून संडास असलेलं घर घेतलं. घरमालक व्यापारी माणूस. हैदराबादेत कुठंतरी बघून आला होता आणि परसात शहाबादी फरश्या लावून टाकी बांधून घेतली होती. "धा वर्षं बघायचं कामच न्हाई," असं छातीवर हात मारून म्हणाला.

चौथ्या महिन्यात टाकी तुडुंब भरली. आधीच्या भाडेकरूंनी भरत आणलेली होती, हे त्यानं कशाला सांगावं!

मी आत्याबाईंना म्हटलं, "काही काळजी करू नका. खोलीत भांडं ठेवते, मी टाकत जाईन." त्यांनी भिंतीकडं तोंड फिरवलं. खुबा मोडून पडल्या तेव्हासुद्धा आधी पदर नीट केलेली ती बाई. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी पाणीच सोडलं. तांब्या नेला की म्हणायच्या, "तहानच न्हाई गं." भाकरीचा चतकोर खायच्या आणि वर दोन घोट, तेही मी डोळे वटारले तर. ओठ फुटले, बोलताना जीभ टाळूला चिकटायला लागली. मी चिडले, ओरडले, नंतर चुलीपुढं बसून रडलेही. टाकी उपसल्याशिवाय म्हातारी पाणी पिणार नव्हती, आणि असे किती दिवस निघणार होते?

मग सुरू झाली भावाची चौकशी. घरमालक म्हणाला, "पैसे देता कामून? सोनखत हाय ते! पानमळेवाले उलट तुमालाच पैसे देऊन उचलतील." हे बिचारे एका मळेवाल्याकडं गेले. तो म्हणाला, "आणून टाका मळ्यात, मग बघू." म्हणजे द्यायचे की घ्यायचे, इथूनच घोळ. शाळेतला शिपाई म्हणाला चार रुपये. दुसरे मास्तर म्हणाले, चारच, पण कलदार, म्हणजे इंग्रजी रुपये; आपले निजामाचे हाली न्हाई चालायचे. शेजारची अक्का, जिच्या जिवावर मी त्या गावात दिवस काढत होते, ती म्हणाली, "चार हाली रग्गड झाले. वर भाकरी दे." ह्यांना विचारलं तर म्हणाले, "तूच बघ." हे त्यांचं सगळ्या प्रश्नांचं उत्तर होतं.

अक्कानंच निरोप धाडून माणसं बोलावली आणि नेमकी त्या दिवशी ती भालकीला गेली. हे शाळेत. परसाच्या दाराशी गाडी थांबली तेव्हा घरात मी आणि आत्याबाई. एक पन्नाशीचा माणूस आणि त्याची बायको. दोघंही कानडी बोलणारी. मला कानडीतलं बा, होगु आणि नीर, म्हणजे ये, जा आणि पाणी, एवढंच येत होतं. नवी आलेली मी, कुठून येणार?

माणसानं कडेची फरशी उचलून आत बघितलं आणि माझ्याकडं बघून उभा राहिला. मी नाकाला पदर लावूनच चार बोटं दाखवली. "चार देईन. हाली."

तो मान हलवून म्हणाला, "आतु."

"आठ?" माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "अरे, चाराचं काम आणि आठ मागायलास? पाच घे." मी पंजा दाखवला.

त्यानं एकदा बायकोकडं बघितलं. "आतु, आतु."

"एकदा सांगितलं ना! सहा. याच्यावर एक पैसा न्हाई."

"आतु री," तो अजूनच नरमाईनं म्हणाला. मला वाटलं, काय बेरकी माणूस आहे! आवाज वर नाही, कपाळाला आठी नाही आणि आकडा काही सोडत नाही. सात म्हटलं, तरी आतु. तेवढ्यात आतून आत्याबाईंचा कोरडा खोकला ऐकू आला. माझा सगळा ताठा तिथंच गळाला. "घे बाबा आठ! घे आणि लाग कामाला!" असं म्हणून मी दोन्ही हातांची चार-चार बोटं त्याच्यापुढं नाचवली.

त्यानं बायकोला काहीतरी विचारलं, तिनं खांदे उडवले आणि तो टाकीत उतरला.

दिवसभर ऊन मी म्हणत होतं. तो खालून बादली भरून द्यायचा, ती दोरानं ओढून गाडीतल्या पिंपात ओतायची. दुपारच्या सुमाराला ती मागल्या दाराशी आली. लांबच उभी राहिली आणि मलाच म्हणाली, "अक्का, कुडियाक नीर कोड्री." नीर मला कळलं. दुसरा शब्द मी मनाशी दोनदा घोळवला आणि मला वाटलं, खालचा गाळ घट्ट झालाय, कुदळ मागायली, आणि धुवायला पाणी. मी कोपऱ्यातली कुदळ आणून तिच्यापुढं टाकली आणि परसातल्या भांडी विसळायच्या पाण्याच्या डोणीकडं बोट दाखवलं. तिनं कुदळीकडं बघितलं, मग माझ्याकडं. कुदळ उचलून घेऊन गेली. मला वाटलं, वा, कानडी जमायला लागली आपल्याला.

दिवस कलायच्या आत टाकी रिकामी झाली. मी आठ रुपये आणि फडक्यात बांधून भाकऱ्या उंबऱ्यावर ठेवल्या. हातात द्यायची रीत नव्हती आणि रीत मोडायचं माझ्या मनातही आलं नाही. त्यानं रुपये दोनदा बघितले, हात जोडले आणि गाडी निघून गेली.

मी आत्याबाईंना धरून नेऊन आणलं. खाटेवर टेकल्या टेकल्या म्हणाल्या, "पाणी आण गं." चार दिवसांत पहिल्यांदा! मी तांब्या भरून दिला. तो एका दमात संपवून त्यांनी पुन्हा पुढं केला. मला इतका आनंद झाला की आठ रुपयांचं दुःखही विसरले.

तेवढ्यात अक्का आली. तिच्यापुढं मी फणकाऱ्यानं सगळं सांगितलं, आतु आतु त्याच्या आवाजात करून दाखवलं. अक्का हसून हसून भिंतीला टेकली. "अगं खुळे, आतु म्हंजे झालं, ठीक हाय! त्यो चारालाच व्हय म्हणला की! तूच चढवत गेलीस!"

हसावं की रडावं? मी हसले नाही. चपला पायात सरकवल्या. गाडी अजून वेशीपर्यंत गेली नसेल, चार रुपये परत आणते म्हटलं. "आणि ती बाई तरी कमी का? माझी चांगली कुदळ मागून घेतली."

"कुदळ?" अक्का म्हणाली. "काय म्हणली ती?"

मी म्हणून दाखवलं. कुडियाक नीर.

अक्काचं हसू थांबलं. "प्यायला पाणी मागितलं गं तिनं."

मी उंबऱ्यात तशीच उभी, चपला पायात. आत आत्याबाईंनी दुसरा तांब्या रिकामा केला, पदरानं तोंड पुसलं आणि मला हाक मारली.

"सूनबाई, उन्हात राबली गं ती माणसं. पाणीबिणी दिलंस ना त्यांना?"