अंजनाबाईची गप्प जागा

इंदुकाकू धानाची रोपं लावणाऱ्या रोवणेवाल्या बायांच्या टोळीची म्होरकी. सावली तालुक्यातलं आमचं गाव आणि भोवतालच्या बांध्या, म्हणजे धानाची शेतं, एवढं तिचं राज्य. साठी उलटली, तरी चिखलात वाकली की तरण्या पोरी मागे पडतात. तोंडाची फटकळ. माझ्या ऑनलाइन सेंटरात आली की आधी टोमणा मारते, "राजदीप, तुह्या मशीनले आज तरी माही बोटं ओळखू येतीन का?" जन्मभर चिखलात झिजलेली ती बोटं मशीनला बहुतेक वेळा ओळखू येत नाहीत.

या टोळीची एक रीत आहे. रोवताना गाणं चालतं आणि त्यात प्रत्येकीचं एक कडवं असतं, तिचं तिनं जुळवलेलं. ते दुसरीनं म्हणायचं नाही. बाई मेली की कडवं बंद होतं, पण गाण्यातली तिची जागा मोकळी राहते. तेवढा वेळ सगळ्या गप्प. हात चालू, पाय चालू, नुसता चिखलाचा आवाज. मग पुढची आपलं कडवं उचलते. लहानपणी मला वाटायचं, या बाया शब्द विसरतात. भूतबित मी मानत नाही, सेंटरात बसून मानूनही चालत नाही. पण बांधावर उभं राहून ती शांतता ऐकली की आजही माझ्या अंगावर काटा येतो.

त्यातली एक गप्प जागा अंजनाबाईची. ही इंदुकाकूची जिवाची मैत्रीण, तीस वर्षं तिच्या बाजूला रोवणारी. नऊ वर्षांपूर्वी तापानं गेली. तिला एकच लेक, पुनम. पुनमला सासरी धाडलं तेव्हा लेक पावलोपावली मागे वळून रडत होती, म्हणून अंजनाबाईनं कडवं जुळवलं होतं:

पाय टाक पुढं, पुनमबाई वो,
माघारी पाहू नको.

दोन वर्षांपूर्वी नागपूरहून करिष्मा मॅडम आल्या. एका कंपनीसाठी बोलीभाषांचे नमुने जमवायचे होते. त्यावरून मशीनला आपली बोली शिकवणार, म्हणे. मीच त्यांना इंदुकाकूकडे नेलं. संमतीचा कागद इंग्रजी होता. मी वरवर नजर फिरवली आणि म्हणालो, "काई नाई काकू, गाणं म्हणाचं हाय फक्त." तिनं माझ्या भरवशावर अंगठा दिला.

काकू म्हणत गेली आणि अंजनाबाईच्या जागेला गप्प झाली. मोबाइलवर लाल खूण आली. पुन्हा सुरू केलं, पुन्हा तिथंच लाल. मॅडम चांगल्या होत्या, त्यांनी समजावलं की मध्ये आवाज थांबला तर अॅप नमुना घेत नाही. तिसऱ्यांदा तेच झालं तेव्हा मीच वैतागून म्हणालो, "काकू, म्हणून टाक ना ते कडवं. इथी कोण ऐकते?"

काकूनं माझ्याकडे पाहिलं. मग डोळे मिटून तिनं अंजनाबाईचं कडवं म्हटलं. मोबाइलवर हिरवी खूण आली. निघताना मॅडमनी तिचे हात हातात घेतले.

गेल्या पावसाळ्याआधीची गोष्ट. आठवडी बाजारात साड्यांच्या दुकानाची जाहिरात करत एक ऑटो फिरत होता. दुकानदारानं मशीनला सांगून झाडीतल्या, म्हणजे आमच्या धानपट्ट्यातल्या, रोवण्याच्या चालीवर गाणं बनवून घेतलं होतं. पुनम टमाटे निवडत होती. भोंग्यातून एक बाई म्हणाली:

साडी पाहा नवी, पुनमबाई वो,
माघारी पाहून जा.

चाल मायची. हाक मायची. पुनमनं गर्रकन मागे पाहिलं. मागे ऑटो होता आणि त्यावर हसऱ्या बाईचं पोस्टर. ती पिशवी तिथंच टाकून घरी गेली. टोळीतल्या बायांकडून तिला कळलं की कडवं मशीनला कुणी दिलं. त्या दिवसापासून तिनं इंदुकाकूशी बोलणं टाकलं.

काकू माझ्या सेंटरात आली, पण टोमणा मारला नाही. म्हणाली, "राजदीप, ते काढून घे. काईही कर, अंजनाची जागा तिले वापस दे." तिला दुसरं काही नको होतं. मला माझीच लाज वाटत होती, म्हणून मी कामाला लागलो. कंपनीला तीन मेल केले. एकाला उत्तर आलं: नमुना यादीतून काढता येईल, पण मशीन त्यावरून जे शिकलं ते काढता येत नाही.

"म्हंजे शिकली ते शिकलीच?" काकूनं विचारलं.

"हो."

"आन् माह्या कानात ते साडीवालं बसलं, मले विसराचं हाय, ते?"

दिल्लीत कॉपीराइटच्या कायद्यावर चर्चा चालू असल्याचं मी वाचलं होतं, तेच सांगितलं. एक प्रस्ताव असा की मशीनला शिकवायला गाणी वापरू द्यायची आणि गाणी रचणाऱ्यांना त्याचा मोबदला द्यायचा. "आन् नाई म्हणाचं असन तं?" काकूनं विचारलं. त्या प्रस्तावात नाही म्हणायची सोय मला सापडली नाही. कायद्यात माणूस मेल्यावरही साठ वर्षं हक्क राहतो, एवढं मात्र सापडलं. त्याच आधारावर मी अंजनाबाईच्या नावानं तक्रार लिहिली. रचना कुठं छापलेली नाही, पुरावा नाही. निदान वारसाची सही तरी हवी. वारस म्हणजे पुनम.

श्रावणात आम्ही दोघं तिच्या गावी गेलो. ती नवऱ्याच्या बांधीत एकटीच रोवत होती. रोवणारी बाई पुढं रोवत मागे मागे सरकते, त्यामुळे आम्ही तिच्या समोरच्या बांधावर उभे होतो आणि ती आमच्यापासून पावलापावलानं लांब जात होती. आम्हाला पाहूनही ती थांबली नाही.

काकू लुगडं खोचून चिखलात उतरली. पऱ्ह्यांची, म्हणजे रोपांची, एक पेंडी उचलली आणि तिच्या बाजूला वाकून रोवू लागली. दोघींनी मिळून एक अख्खी ओळ रोवली.

"चुकलं माहं, पोरी," शेवटी काकू म्हणाली. "अंजनाले मी इकून आली. तिची जागा वापस मागाले तुही सही पायजे."

पुनमचा हात थांबला. "सही करून देतो, काकू. पण त्यानं काय होते? माय कशी म्हणे तेच मले आठवत नाई आता. डोळे मिटले का ऑटोवालीच म्हणते." तिनं हातातली पेंडी खाली ठेवली. "तुह्या तोंडानं एक डाव म्हण. मायचं, जसं होतं तसं. मंग जलमभर गप्प राहू आपण."

काकू सरळ उभी राहिली. रीत तिनं आधीच मोडली होती, पण या वेळी मागणारी अंजनाचीच लेक होती. तिनं ओल्या हातानंच तोंड पुसलं, गालाला चिखल लागला. गळा साफ केला आणि सुरू केलं. आवाज जुना, चाल जुनी. पाय टाक पुढं, पुनमबाई वो. पुनमनं डोळे मिटले. तिच्या चेहऱ्यावरचा ताण सैल होताना मी बांधावरून पाहिला आणि मलाही हायसं वाटलं.

"माघारी," काकू म्हणाली, "पाहून जा."

तिनं झटकन तोंडावर हात दाबला. पुन्हा सुरू केलं. पुन्हा तेच आलं. तिसऱ्यांदा ती 'माघारी'पर्यंत पोचली आणि तिथंच थांबली, डोळे विस्फारून, ओठ हलताहेत पण शब्द नाही. इतकी वर्षं जे बाजूला रोवत ऐकलं, ते तिच्याकडेही उरलं नव्हतं.

मी हातातला सहीचा कागद घडी करून खिशात घातला.

पुनमनं डोळे उघडले आणि हळूच मागे वळून पाहिलं. मागे बांधीचा रोवायचा राहिलेला तुकडा होता आणि त्यात पाणी साचलेलं होतं.