मागची सीट नसलेली गाडी

डॉक्टरने मला आणि मुलाला आत बोलावलं आणि नवऱ्याला बाहेर बाकावर बसवून ठेवलं, तेव्हाच मी समजले. चांगली बातमी असती तर ज्याचं पोट त्याला आधी सांगितली असती. स्वादुपिंडाचा कॅन्सर, पसरलेला. ऑपरेशनचा उपयोग नाही. डॉक्टर इंदूरचा, नावाजलेला. मी विचारलं, "दिवाली?" तो टेबलावरचे कागद सारखे करत म्हणाला, "माताजी, दिवाली का वादा मैं नहीं करूँगा." होळी नुकतीच झाली होती.

जिन्यात मुलाने माझा हात धरला. "आई, बाबांना सांगायचं नाही. हातपाय गाळतील ते."

मी बरं म्हटलं. आमच्याकडे असंच करतात. माझ्या सासऱ्यांना त्यांच्या दुखण्याचं सांगितलं नव्हतं, माझ्या बहिणीलाही नाही. बाहेर येऊन आम्ही यांना सांगितलं की आतड्याला सूज आहे, पथ्य पाळा, उतरेल. यांनी मान डोलावली. गाडी मुलाची होती, पण किल्ली यांच्याच हातात. इंदूरहून उज्जैनपर्यंत यांनीच चालवली. मुलगा शेजारी, मी मागे.

हे ड्रायव्हर होते. अडतीस वर्षं सरकारी खात्यात साहेबांची गाडी चालवली. आधी पांढरी जीप, मग पांढरी मोटार, मग आणखी एक पांढरी मोटार. मागच्या सीटवर पांढरा टॉवेल. घरच्यांना त्या गाडीत बसायची मनाई होती आणि यांनी ती कधी मोडली नाही. दवाखान्यात बाळंतपणाला मी टांग्यातून गेले, गाडी दाराशी उभी असताना.

त्याच वैशाखात इंदूर रोडवरचा वडिलोपार्जित जमिनीचा तुकडा विकला गेला आणि यांच्या हिश्शाचे पैसे बँकेत आले. जेवता जेवता म्हणाले, "मी गाडी घेणार आहे."

"मुलाची आहे की."

"मला मागची सीट नसलेली पाहिजे."

"म्हणजे?"

"दोनच सीटा. मागे कोणी बसायचंच नाही. मागून कोणी 'चलो' म्हणायचं नाही."

अशी गाडी असते आणि तिला स्पोर्ट्स कार म्हणतात, हे मला तेव्हा कळलं. पैशाची अडचण नव्हती. अडचण दिवसांची होती, आणि ती मला आणि मुलाला माहीत होती, यांना नव्हती.

इंदूरच्या शोरूममध्ये एका मुलीने आम्हाला सगळं समजावून सांगितलं. गाडी मिळायचे दोन मार्ग होते. एक गाडी समोरच उभी होती. कंपनीने साऱ्या देशासाठी मोजक्याच काढलेल्या, लिमिटेड एडिशन, लाल रंग, वर काळे पट्टे. पैसे भरले की पंधरा दिवसांत घरी. दुसरा मार्ग म्हणजे थेट कारखान्यात ऑर्डर. रंग आपला, सीट आपल्या, शिलाईचा दोरासुद्धा आपल्या पसंतीचा. गाडी यायला अकरा महिने.

मी लगेच म्हटलं, "हीच घ्या."

हे गाडीभोवती फिरले, टायरला हात लावला, खाली वाकून बघितलं, मग खिडकीतून आत डोकावले. "ये प्लेट पे क्या लिखा है?"

"अंकलजी, गाड़ी का नंबर. कितनी बनीं, उनमें से ये कौन-सी. यही तो इसकी ख़ास बात है."

"हमारे यहाँ भी हर गाड़ी पे नंबर रहता था," हे म्हणाले. "मेरी सत्रह नंबर थी." मग माझ्याकडे वळून मराठीत, "आयुष्यभर खात्याने जी दिली ती चालवली. आता पुन्हा दुसऱ्याने ठरवलेली घेऊ?"

रंगांचे नमुने घेऊन आम्ही घरी आलो. बोटभर रुंदीच्या पट्ट्या, एका कडीत ओवलेल्या. सकाळी चहा झाला की हे ते घेऊन गच्चीवर जायचे. उन्हात बघायचे, सावलीत बघायचे, ओल्या फडक्याने पुसून बघायचे. एकदा राम घाटावर घेऊन गेले, म्हणे पाण्याजवळ रंग वेगळा दिसतो. निवड ठरली की जुन्या लॉगबुकच्या कोऱ्या पानावर लिहायचे, जसं पूर्वी किलोमीटर लिहायचे. शेवटी रंग ठरला वांगी.

"वांग्याच्या रंगाची मोटार?" मी म्हटलं. "लोक हसतील."

"हसू देत. पांढरी नाही ना."

यांचा पट्टा दोन भोकं आत गेला होता. डोळ्यांत पिवळेपणा दिसत होता. हे म्हणायचे, वजन उतरलं ते बरंच झालं, ही गाडी बारीक माणसाचीच आहे. मी ऐकायचे आणि मुगाची खिचडी ढवळायचे.

मी काय काय केलं नाही? मुहूर्ताचं काढून पाहिलं. म्हटलं, पंधरा दिवसांत चांगला दिवस आहे, पुढच्या वर्षी काही खरं नाही. हे हसायला लागले. "तू? मुलाच्या लग्नात भटजींना म्हणाली होतीस, घड्याळ कसलं बघता, लोक उपाशी बसलेत." मग मला लाल आवडली असं सांगून पाहिलं. "लग्नात शालूचा रंग विचारला तर कुठलाही चालेल म्हणालीस. आता लाल?" मग माझे गुडघे काढले. म्हटलं, वर्षाने मला त्या खुज्या गाडीत बसता येणार नाही.

"तुझ्या गुडघ्यांना काय धाड भरलीय," म्हणाले. "आणि नसेल येत तर घरी बस. चालवायची मला आहे."

एका संध्याकाळी यांचे जुने सोबती आले होते, तेही खात्यातले ड्रायव्हर. मी चहा घेऊन गेले तर एक म्हणत होता, "ग्यारह महीने? अरे, तब तक तो तू ऊपर पहुँच जाएगा!" सगळे हसले. हे सगळ्यांत जोरात हसले. "ऊपर भी गाड़ी लगती होगी, भाई. पहले जाके पार्किंग रोकूँगा तेरे लिए." मी ट्रे ठेवला आणि आत येऊन ओट्याला टेकून उभी राहिले. रडले नाही. रडण्याचा उपयोग असता तर रडले असते.

मुलाला फोन केला. "त्यांना सांगते मी."

"आई, नको. निदान आनंदात तरी आहेत."

"ज्या गाडीच्या आनंदात आहेत ती त्यांना दिसणार नाही. लाल घेतली तर चार महिने चालवतील."

"तू सांगितलंस तर मी घरी पाऊल ठेवणार नाही."

"नको ठेवूस," मी म्हटलं आणि फोन ठेवला. त्याच्यावर रागावले नव्हते. तो त्याच्या जागी बरोबर होता. पण त्याच्या बरोबर असण्याने दिवस थांबत नव्हते.

मग शोरूममधून निरोप आला. लाल गाडीसाठी भोपाळचं गिऱ्हाईक आहे, शनिवारपर्यंत काय ते कळवा. मी हट्ट धरला की शनिवारी जायचं आणि एकदा त्या लाल गाडीत बसून बघायचं, मग तुम्ही म्हणाल ते. मी कधी हट्ट करत नाही म्हणून हे तयार झाले.

हे स्टिअरिंगपाशी बसले, मी शेजारी. मोटारीत यांच्या शेजारी मी पहिल्यांदाच बसले होते. मुलीने दारं लावली आणि दूर जाऊन उभी राहिली. यांनी आरसा नीट केला, गिअरवर हात ठेवला. चेहरा खुललेला. मला वाटलं, आता नाही बोलले तर कधीच बोलणार नाही.

"हीच घ्या," मी म्हटलं. "अकरा महिने तुम्ही नाही."

"नाही म्हणजे?"

"सूज नाही ती. कॅन्सर आहे. डॉक्टर दिवाळीचंसुद्धा सांगत नाही."

यांनी स्टिअरिंग सोडलं नाही. समोर शोरूमची काच होती, काचेपलीकडे रस्ता. तिकडेच बघत म्हणाले, "कधीपासून माहीत आहे?"

"होळीपासून."

"मुलाला?"

"त्यालाही."

"म्हणजे तीन महिने," यांनी माझ्याकडे मान वळवली, "तीन महिने तू मला मुगाची खिचडी घालते आहेस? शेव बंद, कचोरी बंद, देवास गेटावरून जाताना नुसता वास घ्यायला लावलास, सूज उतरेल म्हणून?"

 एवढं सगळं खोटं बोलले त्याची लाज वाटली नव्हती, खिचडीची वाटली. खोटं खरं वाटावं म्हणून पथ्य ठेवलं होतं. मोजकेच दिवस राहिलेल्या माणसाच्या तोंडची चव मी काढून घेतली होती.

हे दार उघडून उतरायला गेले. उतरता येईना. गाडी जमिनीला लागलेली, मांड्यांत जोर नाही. दोनदा प्रयत्न केला. शेवटी ती मुलगी धावत आली आणि आम्ही दोघींनी काखेत हात घालून यांना उभं केलं. यांनी शर्ट नीट केला आणि तिला म्हणाले, "बेटा, ये भोपाल वालों को दे दो."

घरी आल्यावर नऊ दिवस हे माझ्याशी बोलले नाहीत. मुलाचा फोन घेतला नाही. रंगांच्या पट्ट्या खाटेखाली पडल्या होत्या. गच्चीवर जाणं थांबलं. सकाळी जाग आली तरी भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. मी कचोरी आणली, बटाट्याचा रस्सा केला. दोन घास घेतले की उलटी. शरीराला आता चालत नव्हतं. ते नऊ दिवस मी कसे काढले ते मला सांगता येत नाही. सांगून मी मिळवलं काय? लाल गाडी भोपाळला गेली, वांगी गाडीचं नाव निघेना आणि चालता-फिरता माणूस मी स्वतःच्या तोंडाने खाटेवर घातला. मुलगा म्हणाला होता तसंच झालं होतं. देवासमोर बसायची मला सवय नाही, पण त्या दिवसांत बसले. काय मागायचं ते सुचलं नाही म्हणून उठले.

दहाव्या दिवशी दुपारी यांनी हाक मारली. "पेन आण. लॉगबुक आण."

"कशाला?"

"ऑर्डर द्यायचीय."

"अहो, पण..."

"मी कुठे असेन ते तू सांगितलं आहेस. आता लिही. माझ्याने पेन धरवत नाही."

मी चौथी शिकलेली. सावकाश लिहिते. हे मजकूर सांगत होते आणि मी एकेक अक्षर काढत होते. बाहेरून वांगी. सीट तपकिरी. शिलाईचा दोरा पिवळा. मध्येच ओरडले, "शिलाईतल्या 'शि'ला दीर्घ काय काढतेस, हात चालव जरा." नऊ दिवसांनी ओरडले होते. मला बरं वाटलं.

"कोणासाठी घेताय?" मी विचारलं.

"कारखान्याला ते सांगायची गरज नाही."

"मी विचारते आहे."

"मलाच ठाऊक नाही," हे म्हणाले. "पण अर्धवट टाकवत नाही."

पैसे भरले. त्यानंतर दर सोमवारी शोरूमच्या त्या मुलीचा फोन यायचा. ऑर्डर कारखान्यात पक्की व्हायच्या आधी एकेक गोष्ट विचारून घ्यायची असते म्हणे. फोन यायच्या आधी हे केस विंचरायला लावायचे आणि उशीला टेकून बसायचे. बोलणं पाच मिनिटांचं. मग दिवसभर त्याच पाच मिनिटांवर चालायचे. मुलगाही येऊ लागला. बापलेक आजाराचं काही बोलायचे नाहीत, चाकांच्या डिझाइनवरून भांडायचे. मला दोघांचा राग यायचा आणि तरी मी सोमवारची वाट बघायचे.

भाद्रपदात यांना फ्रीगंजच्या दवाखान्यात ठेवलं. दुसऱ्या दिवसापासून शुद्ध नव्हती. डॉक्टरांनी मुलाला सांगितलं, नातेवाइकांना कळवा. ती दुपार सोमवारची होती. यांचा फोन माझ्या पिशवीत वाजला.

"आंटीजी, अंकलजी से बात करा दीजिए ना. बस एक चीज़ रह गई है. डैशबोर्ड की पट्टी लकड़ी की या धातु की? पाँच बजे तक बताना है, नहीं तो कंपनी अपनी मर्ज़ी की लगा देगी."

"वो सो रहे हैं," मी म्हटलं. "पूछके बताती हूँ."

लॉगबुक पिशवीतच होतं. चाळून पाहिलं. पट्टीचं काही लिहिलेलं नव्हतं. आत जाऊन यांच्या कानाशी तोंड नेलं आणि विचारलं, "पट्टी लाकडाची का धातूची?" नाकात नळी, डोळे अर्धे उघडे, बुबुळं वर गेलेली. पुन्हा विचारलं. नर्स म्हणाली, "माताजी, वो नहीं सुन रहे." मला माहीत होतं ते. तरी तिसऱ्यांदा विचारलं.

मी बाहेर आले. पाचला वीस मिनिटं होती. मुलगा भिंतीला टेकून नातेवाइकांना फोन करत होता. तेव्हा सगळं रद्द करा म्हटलं असतं तर कोणी मला दोष दिला नसता. धातूचा विचार केला तर एवढंच मनात आलं की उज्जैनच्या उन्हात गाडी उभी राहिली की धातूला हात लावता येत नाही, चटका बसतो.

"लकड़ी," मी मुलीला सांगितलं.

"अंकलजी ने कहा?"

"हाँ."

"ठीक है आंटीजी, पक्का कर दिया. उन्हें बता दीजिएगा."

मुलाने फोन कानापासून बाजूला केला. "आई, हे आत्ता कशाला?"

"पाचच्या आत सांगायचं होतं," मी म्हटलं, आणि यांना सांगायला आत गेले.