उजेडातला लाल

परबकाकांच्या हातात काहीही रंगीत दिलं, की ते आधी उठून दाराबाहेर जायचे. माझ्या साखरपुड्याची साडीसुद्धा त्यांनी तडक गॅलरीच्या कठड्याशी नेली. पदर उन्हात धरला, डोळे बारीक केले आणि म्हणाले, "बाय, हो मोरपंखी न्हय गो. दुकानातल्या ट्यूबखाली मोरपंखी. उजेडात नुसतो हिरवो!" मी रडकुंडीला आले. काकी आतून ओरडल्या, "अवो, पोरीचो साखरपुडो आसा, तुमच्या मिलचो माल न्हय!" काकांनी साडी घडी मोडू न देता परत दिली, पण शब्द काही मागे घेतला नाही.

लालबागच्या आमच्या चाळीत त्यांची खोली आमच्या शेजारची. ते मिलच्या रंगखात्यात होते. नमुन्याच्या चिंधीशी कापडाचा रंग जुळला की नाही, हे खिडकीतल्या उजेडात बघून सांगायचं, हे त्यांचं काम. संप झाला तेव्हा मी शाळेत होते. त्या शेवटच्या पाळीत पिंपात साड्यांचा लाल रंग तयार होत होता, अजून नमुन्याशी जुळला नव्हता, आणि माणसं बाहेर पडली ती पडलीच. ती लाल चिंधी काकांच्या खिशातून घरी आली. "माझो लाल अर्ध्यार रवलो," असं ते मधूनच म्हणायचे, जेवताजेवतासुद्धा.

मिल सुरू होणार, अशी बातमी दर दोनचार महिन्यांनी चाळीत यायची. पेढे वाटायचेच काय ते बाकी. बातमी आणणाऱ्याला काका म्हणायचे, "ती उजेडात हाडून दाखव." कुणालाच दाखवता आलं नाही. आख्ख्या चाळीत सगळ्यांत आधी आशा सोडली ती या माणसानं, आणि तोच खरा ठरला, याचा मला अजून राग येतो.

पुढे ते शिवाजी पार्कला एका इमारतीत वॉचमन झाले. तिथल्या एका बिऱ्हाडात खाऱ्या पाण्याची काचेची पेटी होती. ते लोक परदेशातल्या मुलीकडे निघाले तेव्हा पेटी काकांना देऊन गेले, कारण ती पुसायचे काकाच. मासे केव्हाच मेले होते. उरले होते दगडाला चिकटलेले मऊ, चपटे, अळंबीसारखे जीव. मश्रूम कोरल म्हणतात त्यांना. काकी भेटेल त्याला सांगायच्या, "ह्यांनी अळंबी पाळल्यानी, ती पण रांधूक येणत नाय!"

त्यात एक हिरवं होतं ठिपक्यांचं, एक शाईसारखं निळं, बाकीची तपकिरी. वरळीचा एक कोळी दोस्त खोल समुद्रातलं पाणी कॅनमधून आणून द्यायचा. पण काकांना हवा होता लाल. चिंधीसारखा, उजेडात लाल राहील असा लाल. मिल गेली, तिच्या जागी काचेचे टॉवर आले, आणि या माणसानं एवढी एकच आस धरली.

रविवारी मी त्यांच्याबरोबर क्रॉफर्ड मार्केटला जायचे. शोभेच्या माशांच्या दुकानात निळ्या दिव्याखाली सगळीच अळंबी पेटल्यागत दिसायची. काका पाण्याची पिशवी उचलून थेट रस्त्यावर. दुकानदार मागे धावायचा, "चाचा, धूप में मर जाएगा वो!" उन्हात लाल विझून चहाच्या चोथ्यासारखा व्हायचा. चिंधी खिशात, पिशवी परत. दुकानदार पिरपिरायचा, "असली लाल बाहर के समंदर से आता है चाचा. सबको मंगता है, आता किधर है?"

एकदा आला. काकांनी पिशवी उन्हात धरली, शेजारी चिंधी धरली. मग पिशवी माझ्या हातात दिली आणि पैसे मोजायला घेतले. दुकानदारानं दहादा बजावलं, हा सावलीतला जीव आहे, खाली ठेवा, कडक उजेड देऊ नका. घरी आल्यावर तो वाटीएवढा उमलला. त्या दिवशी काकींनी शिरा केला. थट्टा नाही, टोमणा नाही, नुसता शिरा.

मग काकांच्या डोळ्यांवर मधुमेहाची साखर उतरली, नजर अधू व्हायला लागली. आम्हाला कुणालाच कळलं नाही, त्यांनाही नाही. त्यांना एवढंच दिसलं की लाल मंदावतोय. त्यांनी काय करावं? काकींचा आरसा घेतला आणि गॅलरीत बसून उन्हाचा कवडसा पेटीत पाडायला लागले, रोज. मी म्हटलं, "अहो काका, त्याला ऊन नको म्हणाला होता ना तो?" तर म्हणाले, "उजेडात टिकणा नाय तो रंग कसलो?" आणि आरसा आणखी जवळ धरला. हिरवं, निळं, तपकिरी सगळं त्या उन्हात आधीच गेलं. लाल आक्रसला, पांढुरका झाला, बटणाएवढा उरला. एके सकाळी दगडावर नुसता बुळबुळीत डाग होता. काकींनी तो पुसून काढला आणि आरसा ट्रंकेत टाकला. काकांना तोवर समोरचं माणूसही ओळखू येत नव्हतं.

इस्पितळातून घरी पाठवलं, म्हणजे काय ते आम्ही समजलो. मी भाताची पेज घेऊन गेले होते. काकांनी पेटीच्या दिशेनं मान वळवली.

"लाल कसो आसा?"

"आसा तसोच," काकी म्हणाल्या. "तांबडोलाल."

काकांनी उशी चाचपली. मग त्यांनी विचारलंच, "उजेडात बघलंस?"

काकींनी माझ्याकडे पाहिलं नाही. उशाखालची चिंधी काढली, त्यांच्या मुठीत दिली आणि मूठ आपल्या हातानं मिटली. "बघलंय. दारात नेवन बघलंय. जुळलो."

"जुळलो," काका म्हणाले. आणि ज्यानं उभ्या जन्मात कुणाच्या शब्दावर रंग मानला नाही, त्यानं शांतपणे डोळे मिटले. पेटीत पाणी होतं आणि दगड होता.