बाबा बसले त्याची गोष्ट

माझ्या वडिलांचं इंग्रजी फार चांगलं होतं, असं त्यांचं स्वतःचं मत होतं. वसईच्या एका शाळेत त्यांनी तीस वर्षं मराठी शिकवलं. निवृत्त झाले तेव्हा तिथल्या म्हाताऱ्या परदेशी पाद्रींनी त्यांना एक जाडजूड इंग्रजी पुस्तक भेट दिलं. अठराव्या शतकातल्या कुणा आयरिश जमीनदाराचं आणि त्याच्या घराण्याचं ते चरित्र होतं. हा गृहस्थ राजकारणीही होता. बाबांनी लगेच दोनशे पानी वही आणली आणि भाषांतर सुरू केलं. आणीबाणी उठली त्याच्या पुढच्या वर्षीची ही गोष्ट. मी तेव्हा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते.

रोज चहानंतर ओटीवर वाचन व्हायचं. जूचंद्रजवळच्या आमच्या आगरी गावात दुसरी करमणूक तरी काय होती! जमीनदाराचं नाव कुणाच्या जिभेवर बसेना, म्हणून सगळे त्याला 'बटाटेवाला' म्हणत, कारण त्याची कुळं बटाटे पिकवायची. तो आयरिश आहे असं बाबांनी सांगितलं तेव्हा शेजारच्या काकी एकदम पुढे सरकल्या.

"आगरीच ना? मंग त्याचा मिठागर कंच्या अंगाला?"

बटाटेवाल्याला दोन बायका आणि अकरा मुलं. एक मुलगा जुगारी, एक मुलगी पियानो शिकवायला येणाऱ्या मास्तरबरोबर पळालेली, भाऊ बिशप, आणि सासऱ्याच्या मालकीचं एक अख्खं गावच पार्लमेंटमध्ये माणूस पाठवणारं. जावयाला आणखी काय हवं! पण बाबांना भावली ती वेगळीच गोष्ट. हा माणूस सात वेळा निवडणुकीला उभा राहिला आणि सातही वेळा बसला.

आता आमच्याकडे निवडणुकीची भाषा ठरलेली. उमेदवार उभा राहतो, हरला तर पडतो, आणि अर्ज मागे घेतला तर बसतो. पुस्तकात 'सॅट', म्हणजे 'बसला', असं स्वच्छ छापलेलं होतं. बाबांनी सात ठिकाणी लिहिलं, 'या थोर पुरुषाने माघार घेतली.'

"बघा," बाबा चष्मा काढून म्हणाले, "हाताशी आलेली सत्ता सात वेळा सोडली! म्हणून त्याचं चरित्र लिहिलं गेलं."

आई कोलंबी सोलत होती. ती मान वर न करता म्हणाली, "अन् अकरा पोरां ज्यांना झाली, त्या दोघी कवा बसल्या?"

बाबांनी घाईने पान उलटलं.

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं, पण त्याच महिन्यात ग्रामपंचायतीची निवडणूक होती आणि बाबा स्वतः उभे होते. खालच्या आळीला नळ नव्हता. आमचं घर त्याच आळीत. विहीर मचूळ, म्हणून बायका गोड्या पाण्यासाठी बांधावरून पार पलीकडच्या विहिरीवर जायच्या. त्या सगळ्यांनी मिळून बाबांना उभं केलं होतं. मास्तर लिहिता-बोलता माणूस, साहेबापुढे उभा राहील, नळ आणील, एवढा साधा हिशेब. छाननीत बाबांचा अर्ज उडाला तर पंचाईत नको, म्हणून सगळे करतात तसा आईच्या नावाने एक डमी अर्जही भरून ठेवला होता. आईने कोलंबीच्याच हाताने सही केली आणि विसरून गेली. आम्हीही विसरलो.

अर्ज मागे घ्यायच्या शेवटच्या दिवशी कॉलेजात मी इंग्रजीच्या बाईंना विचारलं, एवढा मोठा माणूस सात वेळा माघार का घेतो? बाईंनी मूळ इंग्रजी वाक्य म्हणून दाखवायला सांगितलं, आणि मग इतक्या हसल्या की त्यांना खुर्चीचा आधार घ्यावा लागला. "अगं, बसला म्हणजे निवडून येऊन पार्लमेंटमध्ये बसला!"

त्या दिवशी सकाळी बाबांनी इस्त्रीचा सदरा घातला होता आणि 'आज मीही थोर पुरुषासारखा वागणार' म्हणत ते मामलेदार कचेरीला निघाले होते. मी मैत्रिणीची सायकल हिसकावली आणि कचेरी गाठली. बाबा पायऱ्या उतरत होते. हातात सुकेळ्यांचा, म्हणजे वाळवलेल्या केळ्यांचा, पुडा होता आणि दिसेल त्याला ते सुकेळी वाटत होते.

"आज मी सन्मानाने बसलो," ते म्हणाले.

मी धापा टाकत सगळं सांगितलं. बाबांच्या हातातलं सुकेळं हातातच राहिलं.

"म्हणजे तो बसलाच नव्हता?"

"बसला होता हो बाबा! आत जाऊन बसला होता!"

मला त्यांचा इतका राग आला होता, की मी सायकलवर त्यांना डबलसीटसुद्धा घेतलं नाही. घरी पोचलो तोवर बातमी आमच्या आधीच पोचली होती. काकी रिकामी कळशी घेऊन दारातच उभ्या होत्या.

"मास्तर, तुमी बसलाव? आता आपल्या आलीन पानी कोन आनील?"

बाबांनी मान खाली घातली, आणि मग मात्र मला रडू आलं.

दुसऱ्या दिवशी कचेरीतला माणूस कागद घेऊन आला. बाबांनी माघार घेतली होती ती फक्त स्वतःच्या अर्जापुरती. डमी जागच्या जागी उभी होती. आईला चिन्ह मिळालं होतं बादली. प्रचार करायची गरजच पडली नाही, आळीतल्या बाया ते चिन्ह रोज दोन वेळा गावभर मिरवतच होत्या. आई दणकून निवडून आली.

पंचायतीच्या पहिल्या सभेहून ती परतली तेव्हा बाबा ओटीवर वही घेऊन 'माघार घेतली' खोडत होते. त्यांनी चाचरत विचारलं, "काय केलंस गं तिथे?"

"तीन तास बसले," आई म्हणाली आणि रिकामी बादली त्यांच्या वहीवर ठेवली. "आता तुमी उठा."

बाबा उठले. त्यांना बांधावरून पाणी आणताना मी जन्मात पहिल्यांदा पाहिलं. निम्मी बादली त्यांनी स्वतःच्या धोतरावर सांडली. नळ यायला दीड वर्ष लागलं, आणि ते दीड वर्ष आमच्या घरचं पाणी बाबांनीच भरलं.